एका फुटाला एक सूत: ट्रिंकोमालीच्या सांगाड्याच्या नोंदी

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

मॉडेलसाठी जहाज ठरलं: ट्रिंकोमाली. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, नकाशे इंग्रजांचे, लाकूड मलबारचं साग, बांधणी मुंबईची. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ही फ्रिगेट (वेगवान युद्धनौका) १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगते आहे.

करायचा फक्त सांगाडा आणि त्यावरची फळ्यांची कातडी. डोलकाठ्या नाहीत, शिडं नाहीत, दोरखंड नाहीत. दोऱ्यांच्या गाठी मारत बसण्याइतका जीव माझ्यात नाही, आणि जहाजाचं खरं रूप मला त्याच्या पोटातच दिसतं.

प्रमाण १:९६. मी दिवसभर ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते, त्यामुळे हिशोब मिलिमीटरमध्येच सुचतो. अण्णांना (माझे सासरे, मुंबईच्या गोदीत सुतार होते) सांगितलं की एक फूट म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. ते म्हणाले, "अगं, मग सरळ एक सूत म्हण ना." खरंच की. इंचाला आठ सूत, म्हणजे फुटाचे शहाण्णव. माझं प्रमाण म्हणजे फुटाला एक सूत. तोफांच्या डेकची लांबी १५० फूट साडेचार इंच, म्हणजे जरा वर दीडशे सूत, ४७७ मिलिमीटर. रुंदी इंचभर कमी ४० फूट, म्हणजे बरोबर पाच इंच धरा. डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या टीव्हीखालच्या फळीवर मावेल.

२५ फेब्रुवारी

नकाशे झेरॉक्सवाल्याकडून मोठे करून आणले. घरी येऊन पट्टी लावली, तर लांबीच्या दिशेला कागद ताणलेला. नकाशावरच छापलेली फुटांची मोजपट्टी आडवी धरली की बरोबर, उभी धरली की शंभराला एक जास्त. शंभराला एक ऐकायला किरकोळ वाटतं, पण ४७७ मध्ये ते जवळजवळ पाच मिलिमीटर होतात. म्हणजे दीड फुटाचं जहाज जास्तीचं. फाइल घेऊन दुसरीकडे जाऊन छापलं. नवशिक्यांना एकच सांगेन: नकाशा हातात आला की आधी त्याच्यावरची मोजपट्टी दोन्ही दिशांनी मोजा, मग काय ते कौतुक करा.

नकाशांवरून आठवलं. जमशेटजींनाही नकाशांची वाट पाहावी लागली होती. ते घेऊन मुंबईकडे निघालेलं जावा नावाचं जहाज २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने हरवलं, आणि नकाशे जहाजाबरोबर गेले. नवा संच पाठवावा लागला. किल (जहाजाच्या तळाचं मुख्य लांब लाकूड) पडायला १८१६ साल उजाडलं. गंमत अशी की ती कॉन्स्टिट्यूशनही अजून तरंगते आहे, बोस्टनला. मला एक आठवडा थांबावं लागलं म्हणून मी कुरकुर करत होते.

१० मार्च

ही नोंद जरा लांब होणार, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जहाजाच्या नकाशात तीन चित्रं असतात. एक बाजूने, एक वरून (फक्त अर्धं, कारण दुसरी बाजू तीच), आणि एक समोरून, ज्यात कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकात एक वक्ररेषा असतात. या पाकळ्या म्हणजे ठरावीक अंतरावर जहाज सुरीने कापलं तर दिसणारे छेद. प्रत्येक पाकळीचा एक प्लायचा पडदा कापायचा, सगळे पडदे एका उभ्या कण्यात खाचा पाडून बसवायचे, आणि त्यांच्यावरून फळ्या फिरवायच्या. या पडद्यांना सगळे बल्कहेड म्हणतात, तेच म्हणते. माझे पंधरा झाले.

आता मेख. फळीची जाडी वजा करायची की नाही? म्हणजे नकाशातली रेषा जहाजाच्या बाहेरच्या कातडीची आहे की आतल्या बरगड्यांची? यात चूक झाली तर सगळं जहाज फळीच्या जाडीएवढं फुगतं किंवा आक्रसतं. त्या काळच्या इंग्रजी आरमारी नकाशांत रेषा बरगडीच्या बाहेरच्या कडेची असते, फळ्या त्यावर वेगळ्या चढतात. खऱ्या जहाजाला चार इंची फळी धरली तर माझ्या प्रमाणात ती एक मिलिमीटरला किंचित जास्त येते. आणि मी फळ्या एक मिलिमीटरच्याच लावणार आहे. म्हणजे काहीच वजा करायचं नाही. रेषेवर कापायचं, बस.

हे कळायला मला चार रात्री लागल्या. अण्णांना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, असं ते आज म्हणाले. विचारलं नव्हतं हे खरं.

२४ मार्च

लाकडाचा विषय. मुंबईत बांधलेल्या सागवानी जहाजाचं मॉडेल सागाचंच करायचं, ही माझी भाबडी कल्पना. अण्णांनी सागाचा एक तुकडा आणि भिंग माझ्या हातात दिलं. सागाचे रेषे जाड, छिद्रं उघडी. खऱ्या जहाजावर तो पोत शोभतो. पण फुटाला एक सूत या हिशोबात सागातलं एक बारीक छिद्रही माणसाच्या अंगठ्याएवढं रुंद दिसतं. शिवाय एक मिलिमीटरची पट्टी वाकवली की रेषेवरून चिरते.

म्हणून हेदू. पिवळसर, अंगानं घट्ट, रेषा जवळजवळ दिसतच नाहीत. फुटपट्ट्या आणि गिरण्यांच्या बॉबिन यासाठी वापरत ते हेच लाकूड. वखारीतून एक फळी आणून ओळखीच्या सुताराकडून चार बाय एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापून घेतल्या. निम्मं लाकूड भुसा होऊन गेलं, ते तसंच असतं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

कणा कापून झाला. चार मिलिमीटर प्लाय, पंधरा खाचा. अण्णा किलला पठाणच म्हणतात, आणि पुढच्या उभ्या लाकडाला नाळ.

ट्रिंकोमालीची किल बसवताना जमशेटजींनी तिच्यात चांदीचा खिळा ठोकला होता. पारशी गोदीवाल्यांची ती रीत. त्याशिवाय जहाजाचं भलं होत नाही अशी समजूत. माझ्याकडे तुटलेल्या पैंजणाचा आकडा होता. तो ठोकून बारीक तार केली, गिरमिटाने किलला अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडलं, तार आत घालून कापली. आता नीट पाहिलं तरच एक चमकता ठिपका दिसतो. लेकीने विचारलं, "आई, हे कोणाला दिसणार?" खऱ्या जहाजावरचाही कोणाला दिसत नव्हताच.

२८ एप्रिल

पंधराच्या पंधरा बल्कहेड चिकटवले. प्रत्येकाला दोन बाजूंनी गुण्या लावून फेविकॉल सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरलं. सांगाडा माशाच्या काट्यासारखा दिसतो. या घडीला तो मला इतका आवडतो की वर फळ्या लावायची इच्छा होत नाही.

१९ मे

नाळेकडच्या दोन बल्कहेडमध्ये भरण घातलं. तिथे वळण इतकं तीव्र की फळीला मध्ये आधार नसेल तर ती बसके गाल करते. बाहेर सगळे बाल्सा नावाचं हलकं लाकूड वापरतात. आमच्याकडे अण्णांच्या सावंतवाडीकडच्या नातेवाइकांनी पांगाऱ्याचा ओंडका पाठवला. तिथली लाकडी फळं या लाकडाची व्हायची. हलकं, मऊ, पटाशी लोण्यात गेल्यासारखी जाते. बाल्सापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणजे फुकट.

पुढचं काम कडा घासण्याचं. प्रत्येक बल्कहेडची कड चौकोनी असते, पण फळी तिच्यावरून तिरकी जाते. तेव्हा कड त्या तिरक्यात घासावी लागते. मधल्या तीन-चार बल्कहेडना काहीच नाही, टोकांकडे मात्र अर्ध्याहून जास्त जाडी तिरपी उडते. एक लांब पट्टी घेऊन ती सगळ्यांवरून धरायची, कुठे उजेड दिसतो ते बघायचं, दिसला तिथे शेजारचा घासायचा किंवा यालाच कागदाची चकती लावायची. पुन्हा पट्टी. पुन्हा उजेड. पंखा बंद, बाहेर छत्तीस अंश, कानशीच्या भुशाने घामाला पिवळा रंग.

१६ जून

वाईट दिवस.

पाऊस लागून आठवडा झाला. सांगाडा टेबलावर ठेवला आणि मागून एका डोळ्याने पाहिलं, तर पहिला बल्कहेड आणि शेवटचा बल्कहेड एकमेकांशी जमेनात. कणा पिळला होता. टोकाला अडीच मिलिमीटर. प्लाय कापतानाच थोडं वाकडं असावं, मी ते भिंतीला टेकवून ठेवलं ही चूक माझीच, आणि दमट हवेने बाकीचं केलं. दुकानदार मरीन प्लाय म्हणाला होता. चिकटलेले थर एका कडेला चक्क सुटलेले होते.

अण्णा म्हणाले, "फळ्या ओढतील ताठ." मी दोन दिवस त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला. पण फळ्या पिळ काढत नाहीत, त्या पिळाला कायमचं करून टाकतात. शेवटी अण्णांनीच तिसऱ्या दिवशी सांगाडा उचलून बघितला आणि "नाही गं, काढ," एवढंच म्हणाले.

२३ जून

फेविकॉल सोडवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. ब्रशने सांध्यात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा सोडायचं, हलकं डोलवायचं. पंधरापैकी तेरा बल्कहेड शाबूत निघाले, दोन मोडले. पांगाऱ्याचं भरण गेलं. चांदीचा खिळा जुन्या कण्यातून सुईने ढकलून काढला, तो जपून ठेवला आहे.

७ जुलै

नवा कणा. या वेळी दोन मिलिमीटरचे दोन थर, एकाचा बाक उजवीकडे तर दुसऱ्याचा डावीकडे असे पाठीला पाठ लावून चिकटवले, म्हणजे एकमेकांचं ओढणं खोडतात. आणि चिकटवताना सपाट काय वापरायचं? घरातली कुठलीच टेबलं सपाट नाहीत, हे या निमित्ताने मोजून कळलं. सपाट निघाला स्वयंपाकघरातल्या जुन्या ओट्याचा कडप्पा, जो आम्ही नूतनीकरणात काढून गॅलरीत ठेवला होता. कडप्पा खाली, कणा मध्ये, वर दुसरा कडप्पा आणि त्यावर पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या. तीन दिवस.

निघाला तेव्हा पट्टीखाली केसभर उजेड नाही. त्याला लगेच सँडिंग सीलरचे दोन हात मारले, कडांनाही. मागच्या वेळी कडा उघड्या ठेवल्या होत्या.

४ ऑगस्ट

बल्कहेड पुन्हा उभे, भरण पुन्हा, घासणं पुन्हा. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळं वर लिहिलेलं आहे. फरक इतकाच की दुसऱ्यांदा सात आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत झालं.

१८ ऑगस्ट

फळ्या सुरू.

पहिली फळी कुठे लावायची यावर पुष्कळ मतं आहेत. मी जाड कंबरपट्ट्यापासून खाली येतेय, कारण ती रेषा बाहेरून दिसते आणि तिची कमान बिघडली तर जहाज बसकं दिसतं. तिथून किलपर्यंतचं अंतर कागदाची पट्टी लावून मोजलं: मध्यावर ९६ मिलिमीटर, नाळेपाशी ५२, पिछाडीला १००. मध्यावर चार मिलिमीटरच्या चोवीस फळ्या बसतात. त्याच चोवीस नाळेपाशी ५२ मध्ये बसवायच्या म्हणजे प्रत्येकीला २.२ मिलिमीटरपर्यंत निमुळतं करायचं. जुना दंडक असा की टोकाला फळी निम्म्याहून बारीक करू नये. खऱ्या जहाजात तिथे खिळा धरत नाही. निम्मं म्हणजे दोन. थोडक्यात वाचले. पिछाडीला उलटं, तिथे शंभर मिलिमीटर, म्हणजे फळ्या पुरत नाहीत, मधे एक पाचर घालावी लागणार.

सगळ्या फळ्या न तासता सरळ लावत जाणं मी माझ्या पहिल्या मॉडेलला केलं होतं. त्या फळ्या नाळेकडे एकमेकींवर चढतात, मग शेवटी किलपाशी टाकीला लावलेल्या एम-सीलसारखी लांबीची (पुट्टीची) थापी. ते मॉडेल आता नाही.

वाकवण्यासाठी: पट्टी पंधरा मिनिटं गरम पाण्यात, मग लेकीच्या केस कुरळे करायच्या चिमट्यावर हळूहळू. चर्र आवाज येतो, वाफ निघते, हेदू मुकाट वळतो. चिमट्याची मालकीण रागावली आहे. नवीन घेऊन दिला, जुना आता माझा.

१ सप्टेंबर

दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फळ्या. नेहमी एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच बाजूला चार लावून मोकळं झालं की त्या चार मिळून कणा ओढतात, आणि जूनचा सोळावा दिवस मला पुन्हा नकोय.

आता पंधरा दिवस काम बंद. टेबल गणपतीला लागणार.

२२ सप्टेंबर

किलला टेकणारी सर्वांत खालची फळी सर्वांत अवघड. पिछाडीकडे ती आडवीची उभी होते, पंख्याच्या पात्यासारखा पिळ. तीनदा केली. पहिली चिरली, दुसरी उजवीची डावीला कापली, तिसरी बसली. जाड करून तासण्यापेक्षा रुंद घेऊन कापलेली बरी, हे तिसऱ्या वेळी सुचलं.

हे वळण पाहताना वाटलं की ही रेषा मुळात मुंबईची नाही, इंग्लंडचीही नाही. लेडा वर्गाच्या फ्रिगेटी (ट्रिंकोमाली त्यांतलीच) इंग्रजांनी १७८२ साली पकडलेल्या हेबे या फ्रेंच जहाजावरून बेतल्या. फ्रान्समधून पोर्ट्समथ, तिथून (एकदा बुडून) मुंबई, आणि आता डोंबिवलीत कुकरच्या शिट्ट्यांच्या साथीने. पोटाचं वळण तेच.

१२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा. अण्णांचा रंधा, दोन पटाश्या, माझी कानस, गुण्या आणि केसांचा चिमटा. त्यावर झेंडूचं फूल ठेवताना लेकीला हसू आवरेना.

सकाळी लक्षात आलं की आज १२ ऑक्टोबर. ट्रिंकोमाली पाण्यात उतरल्याला २०७ वर्षं. मी तारीख ठरवून काही केलेलं नाही, पण पिछाडीची पाचर आणि शेवटच्या दोन फळ्या राहिल्या होत्या, त्या संध्याकाळी लावून टाकल्या. फळ्या संपल्या. पाण्यात उतरवायचा प्रश्न नाही, आत अजून टाचण्यांची भोकं आहेत, दोन मिनिटांत बसेल.

पिछाडीबद्दल एक निर्णय नोंदवून ठेवते. १८४५ नंतरच्या फेरबदलात या जहाजाच्या तोफा कमी झाल्या आणि पिछाडीही बदलली. हार्टलपूलला दिसते ती नंतरची गोल पिछाडी. फोटो सगळे तिचेच मिळतात, त्यामुळे मोह होतो. पण मला मुंबईतून निघालेलं जहाज हवंय, म्हणून चौकोनी.

२७ ऑक्टोबर

घासणं. आधी काचेच्या तुकड्याने तासून घेतलं, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, १२०, १८०. लांबी पातळ करून दोनदा भरली. अण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जवळचं नीट दिसत नाही. ते जहाज मांडीवर घेऊन अंगठा फिरवतात आणि "हितं" म्हणतात. मी पेन्सिलीने खूण करते. बॅटरीच्या तिरप्या उजेडात मला जे नऊ उंचवटे सापडले, त्यांना त्याआधीच अकरा सापडले होते.

मग मी कॅलिपर काढला, कारण माझा स्वभाव. मध्यापासून दोन्हीकडचं अंतर मोजलं. सातव्या बल्कहेडपाशी डावी बाजू ०.८ मिलिमीटर जास्त. फुटाला एक सूत या हिशोबाने माझं जहाज डावीकडे तीन इंच जाड आहे. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "खरी मोजलीस का कधी?" खरी कोणी मोजली असेल तर असेल, मी नाही. पण ०.८ मला रात्री दिसत राहिलं, म्हणून सकाळी तिथे तीन दशांश घासून काढलं. त्यापुढे फळी फुटली असती.

१७ नोव्हेंबर

तांबं. लाकडाला पोखरणारे समुद्री किडे आणि शेवाळ यांच्यापासून तळ वाचवायला तांब्याचे पत्रे ठोकत. सागालाही ठोकत. आरमारी पत्रा चार फूट बाय चौदा इंच, म्हणजे माझ्याकडे १२.७ बाय ३.७ मिलिमीटर. लॅमिंग्टन रोडवरून चिकट पाठीची तांब्याची टेप आणली, ती पोटाच्या बाजूला नीट बसते. साधारण सोळाशे तुकडे लागतील.

पुष्कळ जण प्रत्येक पत्र्यावर खिळ्यांचे उंचवटे दाबून उठवतात. मला ते पटत नाही. खिळ्याचं डोकं एक इंचाचं धरलं तरी माझ्या प्रमाणात पाव मिलिमीटर. तेही लाकडात ठोकून सपाट केलेलं. दाबून उठवलेल्या ठिपक्यांनी जहाजाला देवी आल्यासारखं दिसतं. माझे पत्रे सपाट.

मागून पुढे लावत यायचं, म्हणजे पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर चढते आणि पाणी ती उचलत नाही. हे पाणी आमच्या हॉलमध्ये कधी येणार नाही, पण रीत ती रीत.

१ डिसेंबर

डावी बाजू: ४१२ पत्रे. बोटांचे ठसे काळे पडतात, म्हणून सुती हातमोजे. पाचव्या ओळीत पिछाडीपाशी रेषा वर चढत होती, सतरा पत्रे सोलून पुन्हा लावले. सोललेली टेप पुन्हा चिकटत नाही, ती वाया.

रीळ संपलं. शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोड. अण्णा बरोबर येतो म्हणाले, त्यांना तिथून हेडफोनही बघायचे आहेत.